हेल्प, होल्प, होल्पन

भंडारा जिल्ह्यात इंग्रजी भाषेचं जे काही झालं, ते दोघांनीच केलं. एक इंग्रजांनी आणि दुसरं आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी. त्यातले इंग्रज काम अर्धवट टाकून निघून गेले. सर मात्र शेवटपर्यंत राहिले, आणि तेही सगळ्या भाषेत इकडेतिकडे न फिरता एकाच शब्दावर ठाण मांडून. तो शब्द होता 'हेल्प'. लोक आयुष्यभर एका देवाचं करतात, एखाद्या गुरूचं करतात, एखाद्या पक्षाचं करतात. सरांनी आयुष्यभर ह्या चार अक्षरी इंग्रजी शब्दाचं केलं, आणि इतक्या निष्ठेनं केलं की लाखनीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. पोरं 'हेल्पसर' म्हणत, बाजारातले लोक 'हेलपवाले गुरुजी' म्हणत. मागून जाताना एखादं वात्रट कार्टं "हेऽल्प! हेऽल्प!" असं ओरडून पळालं, तर सर रागवत नसत. सायकल थांबवून ते मागं वळत आणि म्हणत, "एल नीट उच्चारलास. शाबास."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याकडून विज्ञानाचा शिक्षक म्हणून लाखनीला आलो, तेव्हा शाळेच्या फाटकात मला पहिल्यांदा भेटले ते सरच. पांढरं धोतर, वर बंद गळ्याचा कोट, पायात टायरच्या चपला, आणि सायकलच्या कॅरियरवर जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी जड. मला वाटलं, तांदूळ असतील. मी नमस्कार करून म्हटलं, "मी नवीन आहे इथं. हेडमास्तरांची खोली सापडत नाही. जरा मदत कराल का?" सर सायकलवरून उतरले. त्यांनी सायकल स्टँडवर लावली. मग चष्मा पुसून मला विचारलं, "मदत म्हणजे कोणती? मदत हा शब्द अरबीतून आला. साहाय्य म्हणाल तर तो संस्कृत. त्याचा अर्थ बरोबर चालणं. आणि हेल्प म्हणत असाल, तर त्याची गोष्ट फार वेगळी आहे. तुम्हाला नेमकी कोणती पाहिजे?" मला फक्त खोली पाहिजे होती. वीस मिनिटांनी डोमाजी नावाचा शाळेचा शिपाई आला आणि त्यानं मला हाताला धरून तिथून सोडवलं. जाताजाता तो हळूच म्हणाला, "त्याइले काही इचारू नका जी. इचारलं तं शाळा सुटते, पन गोष्ट सुटत नाई."

लुगड्यात तांदूळ नव्हते, डिक्शनरी होती. नागपुरातल्या एका रद्दीच्या दुकानातून सरांनी ती आणली होती. ती इतकी जाड होती की तिच्यामुळे सायकलचं मागचं चाक कायम बसलेलं असे. तिची 'एस'पर्यंतची पानं शाबूत होती, पुढची वाळवीनं खाल्ली होती. त्यामुळं 'टी'पासून पुढच्या शब्दांबद्दल सर फार जपून बोलत. 'ट्रबल' हा शब्द त्यांच्या डिक्शनरीत नव्हता आणि काकूंना तो रोज होत होता. काकू म्हणजे सरांच्या बायको. त्या आंबागडच्या. किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेल्या असल्यामुळं चढण त्यांना नवी नव्हती, असं त्या स्वतःच सांगत.

सरांना ह्या शब्दाचं वेड लागलं कसं, याची हकिकत मला जुन्या शिक्षकांनी सांगितली. सर नुकते नोकरीला लागले होते. दिघोरीच्या धानवाल्या घरातून शिकून वर आलेलं हे पहिलंच पोरगं. एक दिवस इन्स्पेक्टर साहेब वर्गात येऊन बसले. फळ्यावर वाक्य होतं, 'आय कॅनॉट हेल्प लाफिंग.' सरांनी खणखणीत आवाजात वर्गाला अर्थ सांगितला, "मी हसण्याला मदत करू शकत नाही." साहेबांच्या हातात चहाची बशी होती. ती आधी थोडी हलली, मग जास्त हलली, आणि मग साहेब तोंडाला रुमाल लावून खुर्चीतल्या खुर्चीत गदगदू लागले. सरांनी काळजीनं विचारलं, "काय झालं साहेब?" साहेब कसेबसे म्हणाले, "सॉरी मास्तर, आय कॅनॉट हेल्प इट." सरांना वाटलं, साहेब आपल्याला मदत करता येत नाही म्हणून माफी मागताहेत. ते अदबीनं म्हणाले, "नो सर, इट इज ऑल राइट. आय विल डू इट." साहेब उठून व्हरांड्यात गेले आणि खांबाला धरून उभे राहिले.

दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं तो शब्द जन्मात तोंडातून काढला नसता. सरांनी उलट केलं. ज्या शब्दानं फजिती केली, त्याला मुळापासून खणून काढायचं ठरवलं. मदत करणं हा त्याचा एक अर्थ, टाळणं, आवरणं हा दुसरा, जेवण वाढणं हा तिसरा, आणि अमेरिकेत घरकाम करणाऱ्या माणसाला 'हेल्प' म्हणतात हा चौथा. तिथल्या गड्यांना म्हणे 'सर्व्हंट' म्हटलेलं चालत नसे, म्हणून हा शब्द काढला. हे कळल्याबरोबर सरांनी शाळेत जाहीर केलं, की डोमाजीला आजपासून कुणी शिपाई म्हणायचं नाही, 'हेल्प' म्हणायचं. डोमाजी आठ दिवस छाती पुढं काढून फिरला. नवव्या दिवशी मला म्हणाला, "सर मले हेलप म्हनतात. चांगलं हाये. पन घंटी मलेच वाजवा लागते, अन् झाडूबी मलेच मारा लागते. मंग बदललं काय जी?" मी म्हटलं, सरांनाच विचार. तो म्हणाला, "नाई बाप्पा. मले पाच वाजता घरी जाच हाये."

'हेल्प युवरसेल्फ' म्हणजे आपल्या हातानं वाढून घ्या, ह्या अर्थाचा मला फटका बसला तो सरांच्या घरी. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. काकूंनी भात, वरण, पोपटीच्या शेंगांची भाजी असं सगळं समोर आणून ठेवलं आणि त्या पाणी आणायला विहिरीवर गेल्या. सर म्हणाले, "हेल्प युवरसेल्फ," आणि वाढण्याचा अर्थ ह्या शब्दाला कसा चिकटला ते सांगू लागले. यजमान बोलत असताना स्वतःच्या हातानं भात ओढून घ्यायचा म्हणजे आमच्याकडं उद्धटपणा. मी रिकाम्या ताटासमोर हात आवरून बसलो. काकू परत आल्या तेव्हा भातावरची वाफ गेली होती आणि सर इंग्लंडच्या कुठल्याशा जुन्या राजाच्या पंगतीत होते. काकूंनी घागर ठेवली, माझं ताट पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, त्याइच्या पानात वाढा ना! पावन्याले बोलावलं कायले, उपाशी ठेवाले?" सर दचकून म्हणाले, "मी तं त्याइले दोनदा सांगतलं वाढून घ्या म्हनून." काकू म्हणाल्या, "कोनच्या भाषेत?"

पण काकूंच्या संयमाची खरी परीक्षा पुढं व्हायची होती. एकदा जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. दुपारचं जेवण सरांकडं ठरलं, सोबतीला मीही होतो. त्याच आठवड्यात सरांना 'हेल्पमीट' ह्या शब्दाचा शोध लागला होता. बायबलात कुठंतरी 'त्याला योग्य अशी मदत' असं लिहिलं आहे. त्यातला 'मीट' म्हणजे योग्य. पुढच्या लोकांनी वाचताना दोन्ही शब्द एकत्र चिकटवले आणि चुकून बायकोसाठी एक नवा शब्द तयार झाला. चुकीतून इतका चांगला शब्द निघाला, याचा सरांना अतोनात आनंद झाला होता. तेव्हा दारातच त्यांनी काकूंकडं हात करून साहेबांना सांगितलं, "सर, हिअर इज माय हेल्पमीट." साहेब नागपूरचे. त्यांनी 'मीट' एवढंच ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हात धुताना ते मला म्हणाले, "मास्तर साधे दिसतात, पण बेत मोठा केला बरं." मग वांग्याची भाजी आली, साहेबांनी ती बाजूला सरकवून ठेवली. डाळ आली, ती चाखली नाही. पोटात जागा राखून ते स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत बसले. शेवटी ताक आलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. "बाई, ते मीट राहिलं वाटतं," ते म्हणाले. काकू पदर खोचून बाहेर आल्या. "मीट? कोनी सांगतलं जी मीट? आज गुरवार हाये आमच्या घरी!" सरांनी घाईघाईनं खुलासा केला, की मीट म्हणजे तीच. आता साहेबही घाबरले आणि काकूही. त्या वर्षीच्या तपासणीच्या अहवालात शाळेच्या इमारतीबद्दल बरंच लिहिलं होतं, इंग्रजीबद्दल एक अक्षर नव्हतं.

वर्गात तर विचारूच नका. धडा कोणताही असो, सर सुरुवात करत 'हेल्प'पासून. दिवाळीपर्यंत पुस्तकाचं चौथं पान येत नसे. 'हेल्प'चा भूतकाळ पूर्वी 'हेल्प्ड' नव्हता, 'होल्प' होता, आणि पुढं 'होल्पन' होतं, हे आमच्या शाळेतल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. एका वर्षी दहावीच्या पेपरात पोरांनी मोठ्या श्रद्धेनं लिहिलं, 'माय फादर होल्प मी.' तपासणाऱ्यानं सगळ्यांचे मार्क कापले. सरांनी तपासणाऱ्याला सात पानी पत्र लिहिलं, त्यात पाचशे वर्षांपूर्वीचे दाखले दिले आणि शेवटी लिहिलं, की आमची मुलं चुकलेली नाहीत, फक्त उशिरा जन्मली आहेत.

शब्दाच्या मुळाच्या शोधात सर फार लांबवर गेले. स्वतः साकोलीच्या पुढं एसटीनं जायचं म्हटलं तर त्यांना मळमळत असे, पण 'हेल्प'साठी ते हॉलंडला गेले, जर्मनीला गेले, गॉथ नावाच्या नामशेष झालेल्या लोकांत जाऊन आले, आणि लिथुआनियात पोचल्यावर तिथं 'शेल्प' असं काहीतरी सापडलं तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. "पुढं रस्ता बंद आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "डिक्शनरीवाले म्हणतात, मूळ अज्ञात." पण सरांना अज्ञात मान्य नव्हतं. 'हेल्प' आणि आपला 'कल्प' हे सख्खे भाऊ असावेत आणि कल्पवृक्ष म्हणजेच हेल्पवृक्ष, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी पुण्याच्या एका विद्वानांना पत्र पाठवलं. चार महिन्यांनी कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती : कल्पना चांगली आहे, आधार नाही. मला वाटलं, सर खचतील. ते कार्ड नाचवत माझ्याकडं आले. "पाहिलं? विद्वान माणूस! 'कल्पना' लिहिलं त्यांनी. कल्प आला की नाही त्यात?"

आता ह्या सगळ्यात प्रत्यक्ष मदतीचं काय, असं कुणी विचारील. सर मनानं लोण्यासारखे होते, बोलावलं की धावत येत, पण त्यांची मदत घेणं धोक्याचं होतं. मी घर बदललं तेव्हा माझं सागवानी कपाट पायऱ्यांवरून चढवायला ते आले. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. तिसऱ्या पायरीवर मी म्हटलं, "सर, सांभाळा हं." त्यांना काहीतरी आठवलं. मुद्दा सांगताना तर्जनी वर करायची त्यांना सवय होती. त्यांनी तर्जनी वर केली. तर्जनीबरोबर हातही वर गेला, आणि कपाट माझ्यासकट अंगणात उतरलं. त्या कपाटाचं दार पुढं कधी नीट लागलं नाही. "बोलता बोलता हात सुटला गा," सर दुसऱ्या दिवशीपर्यंत म्हणत राहिले. ते खरंच होतं. बोलताना त्यांच्या हातात काहीही टिकत नसे. खडू, चहाचा कप, सायकल, सगळं सुटत असे.

हे असं दहा-बारा वर्षं चाललं. मग ऐंशीच्या दशकात एका श्रावणात ती गोष्ट घडली.

दुपारची वेळ होती. सकाळभर पाऊस कोसळून नुकताच थांबला होता. रस्त्यापलीकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धानाची रोवणी सुरू होती आणि बायांची गाणी प्रयोगशाळेपर्यंत ऐकू येत होती. तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "हेल्प! हेल्प!" सगळी शाळा हसली. मीही हसलो. रोजचंच होतं ते. डोमाजी काठी घेऊन फाटकाकडं गेला, "कोन हाये रे? सर शिकवून राहिले, त्याइची मजाक करतेस काय?" मग तो एकदम वळला आणि धावतच सरांच्या वर्गात शिरला. खिडकीतून मला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "सर, भायेर एक मानूस तुमचा शब्द घेऊन आला हाये. दुसरं काही त्याले बोलताच येत नाई. अन् रगत हाये जी त्याच्या डोक्शाले."

सर बाहेर आले. फाटकाशी लुंगी नेसलेला एक माणूस उभा होता. कपाळ फुटलेलं, अंगभर चिखल. तो खाली दक्षिणेकडचा ट्रक ड्रायव्हर होता. त्याला हिंदी येत नव्हतं, मराठी तर नाहीच. त्यानं सरांचे दोन्ही हात धरले आणि रस्त्याकडं तोंड करून म्हणाला, "हेल्प. सर. हेल्प." मी पायऱ्यांवर उभा होतो. आता सर चष्मा पुसणार, असं मला वाटलं. सरांनी चष्मा पुसला नाही. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दुसऱ्या क्षणी त्यांनी धोतराचा काचा मारला, चपला तिथंच टाकल्या आणि ते पळाले. बारा वर्षांत मी त्यांना भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. त्यांच्या मागं तो ड्रायव्हर, मागं मी, मागं डोमाजी आणि त्याच्या मागं अख्खी शाळा.

दोन फर्लांगांवर रस्त्याच्या कडेला शेताला पाणी देण्यासाठी बांधलेली एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होतं. ट्रक रस्त्यावरून घसरून तिच्यात आडवा झाला होता. केबिनचा अर्धा भाग पाण्यात होता आणि त्या अर्ध्या भागात दुसरा ड्रायव्हर अडकला होता. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा माणूस. त्याचा पाय वाकलेल्या पत्र्यात सापडला होता आणि हनुवटीपर्यंत पाणी आलं होतं. सकाळच्या पावसानं वरच्या बांध्या भरल्या होत्या. त्यांचं पाणी बोडीत उतरत होतं आणि पातळी बोटाबोटानं चढत होती. सर छातीभर पाण्यात गेले, फुटलेल्या काचेतून त्यांनी उजवा हात आत घातला आणि त्या माणसाची मान खालून उचलून धरली.

रोवणीवरच्या बाया आणि माणसं धावत आली. कुणी दोर आणायला गेलं, कुणी दुसरा ट्रक अडवायला रस्त्यावर आडवं उभं राहिलं. ज्याची बोडी होती तो शेतकरी फावडं घेऊन आला. एकदा त्यानं बोडीकडं पाहिलं, एकदा त्या माणसाकडं, आणि ओरडला, "पार फोडा! धानाचं मंग पाहू!" आणि पहिला घाव त्यानंच घातला. आठ-दहा माणसं पार, म्हणजे बोडीचा बांध, खणायला लागली. पण पाणी उतरायला वेळ लागणार होता, आणि पाण्यातल्या माणसाचे डोळे मिटू लागले होते.

तेव्हा सरांनी बोलायला सुरुवात केली. त्याची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची त्याला येत नव्हती. त्यांच्यापाशी अशी एकच गोष्ट होती जी न थांबता, न अडखळता, हवा तितका वेळ बोलता आली असती. "लुक हिअर," सर त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "हेल्प. पास्ट टेन्स, होल्प. से!" त्या माणसानं डोळे उघडले. "से! होल्प!" तो पुटपुटला, "होल्प." "गुड! होल्पन!" "होल्पन." "व्हेरी गुड!" मग सर निघाले. हॉलंड झालं, गॉथ झाले. मध्येच त्याचे डोळे मिटायला लागले की सर ओरडत, "रिपीट!" आणि तो बिचारा काय ते न कळता "यस सर" म्हणे. सरांना आयुष्यात पहिल्यांदा असा श्रोता मिळाला होता, ज्याला उठून जाता येत नव्हतं. अर्ध्या तासानं मी पाण्यात उतरून त्यांच्याजवळ गेलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ थरथरत होते. मी म्हटलं, "सर, मी धरतो. तुम्ही बाहेर व्हा." सर माझ्याकडं न पाहताच म्हणाले, "थांबा. आत्ता आम्ही जर्मनीत आहोत."

लिथुआनिया संपलं. पुढं रस्ता नव्हता. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन तास हे चाललं. मी शेजारी उभं राहून पाहत होतो. इतकं बोलूनही त्यांचा हात एकदाही हलला नाही. शेवटी पाणी कमरेखाली गेलं, एका ट्रकला साखळी बांधून पत्रा ओढला आणि लोकांनी त्या माणसाला बाहेर काढलं. पाय मोडला होता, पण माणूस जिवंत होता. त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. सर मात्र पाण्यातच उभे होते, हात तसाच पुढं धरून. तो हात त्यांना खाली घेता येईना. मी आणि डोमाजीनं तो धरून हळूहळू खाली आणला. काकू धावत आल्या होत्या. त्यांनी पदरानं सरांचं तोंड पुसलं आणि त्या रडत रडत म्हणाल्या, "किती बोलता हो तुमी! किती बोलता!"

सरांचा खांदा त्या दिवशी गेला तो गेलाच. वैदू झाला, डॉक्टर झाला, तेल झालं, शेक झाला, पण उजवा हात खांद्याच्या वर काही जाईना. पुढं ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत आणि मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून वाचत. पण शाळेला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. सरांनी 'हेल्प' बंद केला. सोमवारी वर्गात आले, पुस्तक उघडलं आणि धडा शिकवला. मंगळवारी पुढचा धडा शिकवला. दिवाळीपर्यंत पुस्तक संपलं. पोरं बेचैन झाली. दोघं-तिघं माझ्याकडं येऊन म्हणाली, "सर, त्याइची तब्येत बरी नाई वाटते."

मी एक दिवस त्यांना विचारलंच. आम्ही दोघंच स्टाफरूममध्ये होतो. सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "त्या मानसानं फाटकात माहे हात धरले, अन् तो शब्द म्हटला. अन् तुमाले सांगू काय, मले त्याचा अर्थच आठवला नाई. एकबी नाई. चार अर्थ पाठ हायेत मले. पन तवा डोक्यात काहीच नव्हतं. नुसता पळाले लागलो." ते थोडं हसले. "अर्थ आठवला असता तं उशीर झाला असता गा."

वर्षभरानं दुपारच्या सुट्टीत शाळेसमोर एक ट्रक थांबला. पिकल्या मिशांचा तो माणूस काठी टेकत खाली उतरला. त्याच्या मागून डोमाजी नारळांचं पोतं घेऊन आला. व्हरांड्यात सर उभे होते. तो माणूस त्यांच्यासमोर येऊन थांबला, काठी बगलेत धरली, हात जोडले आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाला, "हेल्प. होल्प. होल्पन." सगळी पोरं टाळ्या पिटायला लागली. सर फळ्याकडं वळायला गेले, पण व्हरांड्यात फळा नव्हता. तेव्हा ते तसेच भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

सर निवृत्त झाले आणि काकूंसह दिघोरीला आपल्या घरी राहायला गेले. माझीही बदली झाली. नंतर एकदाच त्यांना भेटायला जाणं झालं. घरापुढं आंब्याखाली खाट टाकून बसले होते. काकूंनी नव्या तांदळाचा भात केला होता आणि ह्या खेपेला तो मला त्यांनीच वाढला. सर थोडं बोलले. तळ्यातल्या मासोळीबद्दल, धानाच्या नव्या वाणाबद्दल, माझ्या मुलींबद्दल. निघताना मी विचारलं, "खांदा कसा आहे?" ते म्हणाले, "चांगला हाये. पानी येनार असलं का आदल्या घटकेले सांगते मले. आतापन सांगून राहिला." आणि आत वळून म्हणाले, "अवं, त्याइले छत्री दे." मी वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी हसून म्हटलं, "राहू द्या सर, कशाला उगीच ओझं. परत कधी आणून द्यायची?" काकू छत्री घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. सर एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले, आणि गाडी हलली तेव्हा डाव्या हातानं निरोप दिला.

लाखनीला उतरलो तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. चिंब भिजून मी पाहुण्यांच्या घरी पोचलो.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. मला ते कळलं तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते. आता वाटतं, त्या दिवशी छत्री घ्यायला पाहिजे होती. निदान ती परत करायला म्हणून तरी एकदा दिघोरीला जाणं झालं असतं.